कुठे शिकतोस? : 'आपलेपणा' प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै

कागदोपत्री नाव आहे 'पदवी विद्यार्थ्यांचे शिक्षणसंस्थेशी तादात्म्य : मापन व पडताळणी'. आमच्या खोलीत त्याला पहिल्या दिवसापासून 'आपलेपणा' म्हणतात आणि सहकाऱ्याने फाइलच्या पाठीवर मार्करने तेच लिहून टाकलंय. पुण्यात पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना, आपण जिथे शिकतो ते ठिकाण कितपत आपलं वाटतं, एवढं मोजायचं.

समाधान मोजायचं नाही, हे मॅडमनी आजच बजावलं. कँटीन, वायफाय, प्लेसमेंट यावरचे फॉर्म कॉलेजं नॅकच्या मूल्यांकनाच्या निमित्ताने भरून घेतातच. कॉलेजच्या नावाने दिवसभर बोटं मोडणाऱ्या पोराच्या देखत बाहेरच्या कुणी तेच बोलून बघावं, पोरगा अंगावर येतो. समाधानाच्या फॉर्मवर तो पाचपैकी दोन देईल. आम्हाला पकडायचंय ते त्याचं अंगावर येणं.

हाताशी साधन आहे ते मेल आणि ॲशफोर्थ या संशोधकांचं, १९९२ सालचं. सहा विधानं. संस्थेवर टीका झाली तर ती स्वतःवर झाल्यासारखी वाटते का, तिचं कौतुक ऐकून स्वतःचं झाल्यासारखं वाटतं का, लोक तिच्याबद्दल काय म्हणतात याची उत्सुकता असते का, बोलताना 'आम्ही' येतं का, तिचं यश आपलं वाटतं का, आणि बातम्यांमधून तिच्यावर टीका झाली तर लाज वाटते का. प्रत्येकाला १ ते ५. बेरीज ६ ते ३०. सुटसुटीत आहे, म्हणूनच जगभर वापरतात.

एक गोष्ट आत्ताच टिपून ठेवते. त्या दोघांनी ही श्रेणी (म्हणजे मोजायचा हा विधानसंच) वापरली ती अमेरिकेतल्या एका धार्मिक, फक्त मुलांच्या कॉलेजच्या २९७ माजी विद्यार्थ्यांवर. माजी! ज्यांचं सबमिशन कधीच संपलंय आणि ज्यांना आता फक्त मित्र आणि गॅदरिंग आठवतं, असे लोक. आमच्या समोर बसणार ती मुलं, ज्यांना पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे.

१२ जुलै

भाषांतर. मी आणि सहकारी, दोघांनी वेगवेगळं केलं, मग एक मसुदा केला, आणि मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून तो उलटा इंग्रजीत करून घेतला. ब्रिस्लिनने १९७० मध्ये सांगितलेली पद्धत, अजून तीच चालते. फारसं अडलं नाही. 'व्यक्तिशः अपमान' वगैरे पुस्तकी शब्द काढून 'मला लागतं' असं केलं. मॅडम म्हणाल्या, 'हं, हे बोलल्यासारखं झालं.'

मूळ श्रेणीत जिथे संस्थेचं नाव घालायला रिकामी जागा आहे, तिथे सध्या 'माझी शिक्षणसंस्था' घातलंय.

१९ जुलै

मुलांना फॉर्म देऊन मोठ्याने विचार करत भरायला सांगायचं आणि आपण ऐकायचं, अशा मुलाखती सुरू केल्या. सगळं काम इथेच अडलं, आणि अडलं ते बरं झालं.

पहिलाच मुलगा, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. पहिलं विधान वाचून पेन खाली ठेवलं. 'मॅम, शिक्षणसंस्था म्हणजे कोणती?' तुझं कॉलेज, म्हटलं. 'मग विद्यापीठ नाही ना? मग ठीक आहे.' हे 'मग ठीक आहे' त्याने ज्या सुटकेच्या सुरात म्हटलं, तो सूर कोणत्याही श्रेणीत बसणार नाही.

मग रयत शिक्षण संस्थेच्या एका कॉलेजातली मुलगी. तिने विचारलंच नाही, सरळ भरत गेली आणि सगळीकडे ४ आणि ५. बोलत होती त्यावरून कळलं की ती कॉलेजबद्दल भरतच नव्हती, 'रयत'बद्दल भरत होती. शाळा रयतची, आई रयतच्या शाळेत शिकलेली, गावातल्या घरी कर्मवीरांचा फोटो. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी सुरू केलेली संस्था तिच्या घरात तीन पिढ्यांच्या बोलण्यात आहे. आत्ताचं कॉलेज तिच्या दृष्टीने त्या वडाची एक पारंबी. (संस्थेचं बोधचिन्हच वटवृक्ष आहे, त्यामुळे उपमा तिचीच, माझी नाही.)

तिसरा इंजिनिअरिंगचा. त्याच्या मनात संस्था म्हणजे डिपार्टमेंट. 'मेक' म्हणजे मेकॅनिकल, बाकी सगळे परके. कॉम्प्युटरवाल्यांविषयी तो जे बोलला ते इथे लिहीत नाही.

आणि चौथी विद्यापीठाच्या आवारातल्या एका विभागातली, एम.ए.ची. आमच्या नमुन्यात ती बसत नाही, पण मुद्दाम बोलावली होती. तिला एकदाही अडलं नाही. विद्यापीठ म्हणजे विद्यापीठ: जयकर ग्रंथालय, मेन बिल्डिंग, गणेशखिंडीतली ४११ एकरांची झाडी. ती तिथे राहते, चहा पिते, भांडते.

चौघांनी एकच फॉर्म भरला. उत्तरं चार वेगवेगळ्या गोष्टींची.

२३ जुलै

मॅडमशी लांबलचक बोलणं झालं. परदेशातल्या लेखांमध्ये हा घोळ जवळजवळ दिसत नाही, कारण तिथल्या बहुतेक नमुन्यांमध्ये मूल ज्या विद्यापीठात प्रवेश घेतं, तिथेच शिकतं, राहतं, तिथलंच टी-शर्ट घालतं आणि तिथलीच पदवी घेतं. आपल्याकडे हे सगळं वेगवेगळ्या दारांतून होतं. याला कारण आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, शिकवायचं कॉलेजांनी. पुढे विद्यापीठांत शिकवणारे विभाग आले, तरी संलग्न कॉलेजांतल्या मुलांसाठी विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारंच राहिलं.

पुण्यात तर वयाचाही उलटा प्रकार आहे. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ चा, कारभार सुरू झाला १९४९ मध्ये, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. फर्ग्युसन १८८५ चं. सीओईपीची, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची, सुरुवात तर १८५४ ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीची. लेकरं आईपेक्षा मोठी. अशा ठिकाणी मुलाने आपलेपणा कुणाला द्यावा?

सीओईपीचं कोडं वेगळंच. २०२२ पासून ते स्वतःच विद्यापीठ झालं, म्हणजे तिथे कॉलेज आणि विद्यापीठ एकच. मॅडमचं म्हणणं, त्यांना मुख्य नमुन्यात घेऊ नये, तुलनेसाठी बाजूला ठेवावं. पटलं.

ठरलं ते असं: सहाही विधानं दोनदा विचारायची, एकदा कॉलेजविषयी आणि एकदा विद्यापीठाविषयी. सहकाऱ्याने कपाळावर हात मारला, 'बारा प्रश्न! पोरं पळतील.' पळू देत. न पळणाऱ्यांचं तरी खरं उत्तर मिळेल.

६ ऑगस्ट

परवानग्या. अर्ज, सोबत फॉर्मची प्रत, नैतिकता समितीचं पत्र, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, जावक क्रमांक. एका कॉलेजात प्राचार्यांनी फॉर्म वाचून विचारलं, 'निकाल वाईट आला तर आमचं नाव छापणार का?' नाही, म्हटलं. मग विचारलं, 'आणि चांगला आला तर?'

१८ ऑगस्ट

पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी, भरत नाट्य मंदिर. सहकारी म्हणाला हे कामाचं नाही, हौस आहे. मी म्हणते कामाचंच आहे.

नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षागृहात जे चालतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून एका कोपऱ्यातून उठतं आणि कॉलेजचं नाव छताला जाऊन आपटतं. माझ्यापुढच्या रांगेत एक मुलगी होती, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. आवाज बसलेला, तरी थांबत नव्हती. मध्यंतरात बोलले. ती नाटकात नाही. बॅकस्टेजला नाही. तिची मैत्रीणसुद्धा नाही त्यात. 'मग?' 'मग काय, आपलं कॉलेज आहे!' तिला आमचा फॉर्म दिला असता तर 'यश माझं वाटतं' या विधानाला तिने नक्की ५ दिले असते. पण ओरडण्याची किंमत वेगळी आहे, कारण तिथे कुणी विचारलेलं नव्हतं.

महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा १९६३ पासून घेतंय. म्हणजे सहा दशकं पुण्यात कॉलेजचा आपलेपणा वर्षातून एकदा जाहीरपणे मोजला जातो. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा जो गदारोळ झाला त्यात दर्जाची चर्चा कमी नव्हती. पण 'टीका झाली की मला लागतं' याचा तो जिवंत नमुनाही होता.

आणि आज साऱ्या प्रेक्षागृहात विद्यापीठाच्या नावाची एकही आरोळी नव्हती. द्यायचं कुणाला सुचलंही नसेल.

२७ ऑगस्ट

वागण्यातून मोजायचं म्हटलं की सगळे एकाच निबंधाकडे जातात: रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकारी, १९७६. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत, शनिवारी फुटबॉलचा सामना झाला की सोमवारी वर्गात किती मुलं विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून आली ते मोजलं. संघ जिंकला असेल तेव्हा जास्त. मग फोनवरून सामन्याबद्दल विचारलं, तेव्हा जिंकलेल्या सामन्याला 'आम्ही' आणि हरलेल्याला 'ते'. त्यातली खोच पुढे आहे. फोनवर आधी एक छोटी चाचणी घेतली होती आणि काहींना मुद्दाम सांगितलं की तुम्ही वाईट केलंत. अशांच्या बोलण्यात हा फरक जास्त ठळक झाला. स्वतःला ठेच लागली की माणूस जिंकलेल्या संघाला जास्त घट्ट धरतो.

म्हणून आज गेटपाशी उभं राहून कपडे पाहिले. हुड्या आणि टी-शर्ट भरपूर. पण त्यावर नावं कुणाची? फेस्टची, डिपार्टमेंटची, बॅचची, एनएसएसच्या शिबिराची. कॉलेजचं नाव बहुधा बाहीवर, बारीक. पाठीवर टोपणनावं आणि १७, ०७ असले आकडे. विद्यापीठाचं नाव असलेला एक टी-शर्ट दिसला, तो अंगात होता सुरक्षारक्षक काकांच्या. 'मॅरेथॉनला फुकट मिळाला,' म्हणाले.

कपडे मोजायची कल्पना सोडून दिली. आमच्याकडे कपडा गटाची खूण आहे, संस्थेची नाही.

११ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. काम बंद.

२० सप्टेंबर

पूर्वचाचणी. दोन रंगांचे फॉर्म पाठपोट झेरॉक्स करून आणले. पांढऱ्यावर आधी कॉलेज मग विद्यापीठ, पिवळ्यावर आधी विद्यापीठ मग कॉलेज. कारण साधं: कॉलेजबद्दल भरभरून लिहिलं की विद्यापीठाला आपोआप कमी पडतं, आणि उलट केलं तर विद्यापीठाचा वैताग कॉलेजच्या माथी येतो. बाकावर एकाआड एक वाटले.

वर्गावरच्या सरांना बाहेर जायची विनंती केली. गेले, पण दारात उभे राहिले. मग पुन्हा विनंती. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्या देखत कॉलेजला ५ च मिळणार, ते कशाला मोजायचं? फॉर्म हातात न घेता खोक्यात टाकायला लावले. तरी मागून आवाज आलाच, 'मॅम, पीआरएन लिहायचा का?' (पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक.) नाही रे बाबा.

सहा विधानांच्या शेवटी वर्तुळांचा प्रश्न ठेवलाय. एक वर्तुळ 'मी', एक वर्तुळ 'माझं कॉलेज'. एकमेकांपासून दूर असण्यापासून जवळजवळ एकमेकांत मिसळून जाण्यापर्यंत सात चित्रं, त्यातलं एक निवडायचं. मूळ कल्पना आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांची, १९९२ ची, जवळच्या नात्यांसाठी. बर्गामी आणि बगोझी यांनी २००० मध्ये वर्तुळांचा असाच प्रश्न संस्थांसाठी वापरला. मुलांना हा प्रश्न फार आवडला. वाक्यं वाचताना जांभया देणारी पोरं इथे थबकतात, शेजाऱ्याचं बघतात, पेन्सिलीने आधी हलकी खूण करतात. एकाने विद्यापीठासाठी सातही चित्रं नाकारून कागदाच्या पार कडेला स्वतःचं वर्तुळ काढलं आणि मध्ये लिहिलं: 'रिव्हॅल', म्हणजे पेपरची फेरतपासणी.

२४ सप्टेंबर

फॉर्म एक्सेलमध्ये भरताना लक्षात येतंय की काहींनी वरपासून खालपर्यंत ३ ची सरळ रेघ ओढलीय. यावर पुस्तकी उपाय म्हणजे अधूनमधून उलट अर्थाचं विधान घालणं. मी विरोधात आहे. 'मला काही वाटत नाही' याच्याशी 'असहमत' व्हायचं म्हणजे मुलांना वाक्य दोनदा वाचावं लागतं आणि तिसऱ्यांदा ती वाचतच नाहीत. मग आळशीपणा आणि गोंधळ यांची सरमिसळ होते. त्याऐवजी मध्येच एक ओळ: 'या ओळीत २ वर खूण करा.' ज्याने केली नाही त्याचा फॉर्म बाजूला. मॅडमनी मान्य केलं.

१ ऑक्टोबर

सहाव्या विधानाची भानगड. 'बातम्यांमधून टीका झाली तर मला लाज वाटेल.'

कॉलेजच्या बाबतीत ते बाकीच्या पाचांसारखंच चालतं. विद्यापीठाच्या बाबतीत फसतं, आणि का फसतं ते मुलाखतींच्या टिपणांत स्पष्ट दिसतंय. विद्यापीठाबद्दल वाईट बातमी म्हणजे काय, असं विचारलं की मुलं निकाल, हॉल तिकीट, पेपरफुटी ही नावं घेतात. एकीने तिच्या मामेभावाचं सांगितलं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन पेपर तपासणी आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले, पुढे कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. भाऊ तेव्हा शेवटच्या वर्षाला. 'त्याला लाज कशी वाटेल? त्याचंच तर नुकसान झालं.'

मुद्दा हाच आहे. ते विधान धरून चालतं की बातमी छापून येते तेव्हा मूल संस्थेच्या बाजूला उभं आहे. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठापुढे मूल काउंटरच्या अलीकडे उभं असतं, हातात अर्ज घेऊन. त्याला राग येईल, दया येईल, किंवा 'बरं झालं छापलं' असं वाटेल. लाज यायला पलीकडे असावं लागतं.

आणि या न येणाऱ्या लाजेचा आकडा कमी येतो, म्हणून अहवालात लिहिलं जाणार 'तादात्म्य कमी'. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून कुणाला काहीच कळणार नाही.

८ ऑक्टोबर

सहावं विधान काढायचं का, यावर सकाळपासून खल. मूळ निबंधात सहा विधानांचा क्रॉनबाक अल्फा (विधानं एकमेकांशी कितपत जुळतात त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितकी जुळणी जास्त) ०.८७ आहे. सहकाऱ्याला भीती, की विधानं कमी केली तर अल्फा पडेल. फळ्यावर मांडलं: सहा विधानांना ०.८७ म्हणजे विधानांचा आपसातला सरासरी सहसंबंध साधारण ०.५३. तोच सहसंबंध धरून पाच विधानं ठेवली तर अल्फा ०.८५ च्या आसपास. तीनच ठेवली तरी ०.७७. म्हणजे एक काढल्याने आभाळ कोसळत नाही. अल्फाचं हे नेहमीचंच आहे, तो विधानांच्या संख्येवरही फुगतो, आणि एकच गोष्ट सहा तऱ्हांनी विचारली तर छान दिसतो.

माझं मत, काढू नये. दोन्ही ठिकाणी ठेवावं, बेरीज पाचांची करावी आणि सहावं वेगळं दाखवावं. कॉलेजसाठी ते बाकीच्यांबरोबर चालतं आणि विद्यापीठासाठी चालत नाही, हा फरकच आमच्या हाती लागलेली सगळ्यात सरळ गोष्ट आहे. ती पुसून श्रेणी गुळगुळीत करण्यात काय हशील?

मॅडमनी दोन दिवस मागितले.

१० ऑक्टोबर

मॅडम हो म्हणाल्या.

१६ ऑक्टोबर

बेरीज कमी येणाऱ्या मुलांकडे पाहतेय. तीन तऱ्हेचे लोक एकाच आकड्यात बसलेत. एक, ज्याला विद्यापीठाचं काहीच पडलेलं नाही. नाव घेतलं की खांदे उडवतो. दुसरा, ज्याला चीड आहे. जो सांगतो की मी त्यांच्यातला नाही. तिसरा दोन्ही. क्रायनर आणि ॲशफोर्थ यांनी २००४ मध्ये हे चार खण पाडले: तादात्म्य, उलट तादात्म्य, दोलायमान आणि तटस्थ. सहा विधानांची श्रेणी पहिल्या खणाचीच उंची मोजते, बाकीचे तिघे तळाशी एकत्र साचतात.

कॉलेजच्या बाजूला हा प्रश्न लहान आहे. विद्यापीठाच्या बाजूला मोठा. त्यामुळे फक्त विद्यापीठासाठी चिडीची तीन विधानं वाढवतोय. सहकारी म्हणाला, 'पंधरा.' मी म्हटलं, 'मोजू नकोस.'

लीच आणि सहकाऱ्यांची २००८ ची चौदा विधानांची श्रेणीही पाहिली. एकजूट, समाधान, ही ओळख आपल्यासाठी किती महत्त्वाची, मी इतरांसारखा आहे का, आणि आम्ही सगळे सारखे आहोत का, असे पाच पदर ती वेगळे करते. सुंदर बांधणी आहे. पण 'आम्ही सगळे सारखे' हे तीन जिल्ह्यांत पसरलेल्या, शेकडो कॉलेजांच्या विद्यापीठाबद्दल विचारणं म्हणजे उगीच मुलांची परीक्षा पाहणं. नाशिकच्या कॉलेजातल्या आणि अहिल्यानगरच्या एखाद्या तालुक्यातल्या मुलाला जोडणारं काय? मार्कशीटवरचं बोधचिन्ह. ही श्रेणी पुढच्या टप्प्यासाठी, आणि तेव्हाही फक्त कॉलेजसाठी.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला दिवस. फराळाचे डबे आणि नमुना निवड.

सोयीचं आहे म्हणून सगळे दहा वर्ग गाठून ४० प्रमाणे ४०० फॉर्म भरून घेतात. पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात; तेच सर, तोच गॅदरिंगचा राग. वर्गातलं हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) अगदी ०.०५ धरलं तरी ४० च्या वर्गात नमुन्याचं वजन जवळजवळ एक तृतीयांश होतं. ४०० फॉर्म, किंमत सुमारे १३५ चीच. तेच ४० वर्गांतून दहा-दहा घेतले तर २७५ च्या घरात. पायपीट चौपट. पायपीट करायची.

४ डिसेंबर

सहकारी मूळचा संभाजीनगरचा. चहाच्या वेळी म्हणाला, तुमच्या सगळ्या निष्कर्षाला आमचं विद्यापीठ अपवाद आहे. खरंय, आणि ते लिहून ठेवायलाच हवं.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मेली. लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षं. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटपाशी लोक जमतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी तिथे कधी प्रवेश घेतलेला नसतो. सहकाऱ्याचे आजोबा त्यातलेच, सातवीपर्यंत शिकलेले.

आमची श्रेणी आजोबांना फॉर्मच देत नाही. ज्याचं नाव हजेरीपटावर आहे त्याचाच आपलेपणा ती मोजते. तिथे संलग्न कॉलेजातल्या मुलालाही विद्यापीठ काउंटरपलीकडचं वाटत असेलच, निकाल तिथेही उशिरा लागत असतील. पण नाव त्याच्यासाठी मिळवावं लागलेलं आहे. पुण्यात २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. मुलाखतींमध्ये बहुतेक मुलं अजून 'पुणे विद्यापीठ' म्हणतात, आणि काही जणी पूर्ण नाव घेतात, सावकाश. त्यातून लगेच काही ठरवायचं नाही, मॅडमनी बजावलंय. पण कोण कोणतं नाव घेतं, त्याची नोंद घेता येईल अशी जागा फॉर्मवर हवी.

११ डिसेंबर

ती जागा सापडली. फॉर्मच्या अगदी वर, कोणत्याही विधानाच्या आधी, एकच प्रश्न आणि एक रिकामी ओळ: 'प्रवासात कुणी विचारलं, "कुठे शिकतोस / शिकतेस?", तर तुम्ही काय सांगता? जसं सांगता तसंच लिहा.'

मग विधानं तीनदा: या ओळीवर जे लिहिलं त्याविषयी, कॉलेजविषयी, विद्यापीठाविषयी. पहिल्या खेपेला पाच विधानं पुरेत. ओळीवर कॉलेजचंच नाव असेल तर एक खेप आपोआप वाचते. सहकाऱ्याने यावेळी मोजलं नाही.

एका वर्गात करून पाहिलं. कॉलेजचं नाव सगळ्यात जास्त, बहुधा लघुरूपात. मग 'इंजिनिअरिंग करतो', 'सी.ए. करते, कॉलेज नावाला'. 'रयत' दोघांकडून. विद्यापीठाचं नाव अगदी क्वचित. आणि आम्ही जे धरलंच नव्हतं ते: बाहेरगावच्या मुलांनी लिहिलेलं नुसतं 'पुण्यात'. लातूरचा एक मुलगा, परभणीची एक मुलगी, सोलापूरकडचे दोघे-तिघे. कॉलेज नाही, शाखा नाही. पुण्यात. त्यातल्या एकाला विचारलं, तर म्हणाला, 'गावाकडे कॉलेजचं नाव सांगून कुणाला कळतंय? पुण्यात म्हटलं की झालं.' मग त्याने 'पुण्यात'विषयीची पाच विधानं भरली. पुण्यावर कुणी टीका केली तर लागतं का? ५. पुण्याचं यश माझं? ४. 'आम्ही' म्हणतो का? इथे थांबला, आणि २.

१६ डिसेंबर

संकेतसूचीत (वरच्या ओळीवरच्या उत्तरांना आकडे द्यायच्या यादीत) खण वाढवले: १ कॉलेज, २ विद्यापीठ, ३ शिक्षण संस्था (रयत, डीईएस म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटी, इत्यादी), ४ शाखा किंवा अभ्यासक्रम, ५ क्लास वा अन्य, ६ शहर. एकाच ओळीत दोन असतील तर आधी लिहिलेलं धरायचं. सहकारी आणि मी वेगवेगळे संकेत देऊन जुळवणार, न जुळलेले मॅडमकडे.

फॉर्म सोमवारी छापायला जातोय. यावेळी पांढरा, पिवळा आणि गुलाबी.